जंगलाचा पडदा

मोठी होईपर्यंत मी खरं जंगल पाहिलंच नव्हतं. आमच्या मिरकरवाड्यात झाडं म्हणाल तर माड, एक पिंपळ आणि देवळामागचं एक म्हातारं आंब्याचं झाड. आईचं माहेर बुरोंडी, तिथे गेलं तरी दारात समुद्रच. जंगल म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं ते एकाच ठिकाणाहून. शिमग्याच्या नाटकाला आमच्या मंडळाचा जो जंगलाचा पडदा टांगत, तिथून. मंडळाकडे पडदे तीन होते. राजवाड्याचा, रस्त्याचा आणि जंगलाचा. राजवाड्याचे खांब तिरके होते आणि रस्त्याच्या पडद्यावर रस्ता सोडून दुसरं काही नव्हतं. जंगलात मात्र म्हणाल ते होतं. मधोमध नदी, नदीत कमळं, काठावर वाघ, वाघाच्या शेजारी हरण आणि हरणाच्या शेजारी तेवढाच मोठा ससा. मोर तर झाडापेक्षा उंच. आंबा, फणस, काजू सगळं एकाच वेळी पिकलेलं, आणि झाडाचं प्रत्येक पान वेगळं काढलेलं, जणू काढणाऱ्याला पानं मोजून द्यायची होती. वाघाचं तोंड आमच्या वाड्यातल्या कुठल्यातरी काकासारखं वाटायचं, फक्त कुठल्या, यावर आमचं एकमत नव्हतं.

हा पडदा कुणी काढला, ते धड कुणाला सांगता येत नसे. कुणी एक खलाशी होता म्हणे. त्याचा पडाव, म्हणजे मालाचं गलबत, पावसाळ्यासाठी बंदरात अडकला, आणि बसल्या जागी खायला लाज वाटते म्हणून त्याने शिडाच्या उरल्या कापडावर हे जंगल उभं केलं. आता वाटतं, त्यानेही जंगल पाहिलं नसणार. ज्याने पाहिलंय त्याला एवढं आनंदी जंगल सुचणार नाही. पुढे मी शाळेच्या सहलीबरोबर दोन-तीन अभयारण्यं पाहिली. दिवसभर जीपमधून फिरून एक माकड दिसलं. खरं सांगते, मला फसवल्यासारखं वाटलं.

मंडळाचं नाटक कुठलंही असो, दुसऱ्या अंकात कुणीतरी जंगलात वाट चुकायचंच, कारण जंगलाचा पडदा सर्वांत भारी होता आणि तो पाहिल्याशिवाय माणसं उठत नसत. वाट चुकणारा राजा म्हणजे माझे बाबा. एरवी बाबा म्हणजे घरात आहेत की नाहीत ते कळू नये असा माणूस. दर्यावरून आले की होडीचं सामान लावायचं, आंघोळ, भाकरी, आणि ओट्यावर जाळं घेऊन बसायचं. बोलायला आई समर्थ होती. सकाळी बंदरावर मासळीचा लिलाव चालायचा, पन्नास जण एकदम ओरडायचे, त्यात आईचा आवाज आमच्या घरापर्यंत वेगळा ओळखू यायचा. पण पौष लागला की बाबांना कंठ फुटायचा. जाळं विणता विणता ते राजाची वाक्यं म्हणायला लागायचे. "प्रधानजी! प्रजेचे कुशल आहे ना?" सुई खाली, सुई वर, आणि मग प्रधानाच्या उत्तराला जेवढा वेळ लागेल तेवढं थांबायचं. चुलीपुढून आई ओरडायची, "परजा उपाशी हाय, पयला जेवून घ्या." बाबा जाळं बाजूला ठेवून उठायचे, पण पानावर बसेपर्यंत चाल राजाचीच असायची. मला ते दोन-अडीच महिने वर्षातले सगळ्यांत चांगले वाटायचे.

मी आठवीत होते त्या वर्षी भर थंडीत अवकाळी पाऊस आला. दुपारची वेळ. आमच्या बायकांचे बोंबील वलांडीवर, म्हणजे बांबूच्या आडव्या मांडवावर, वाळत टांगलेले, आणि अर्धवट वाळलेली मांदेली खाली चटयांवर. पाऊस असा आला की कुणी काही म्हणायच्या आत पहिले टपोरे थेंब मांदेलीवर. बायका धावल्या. कुणी गोधड्या आणल्या, कुणी नेसायची लुगडी. आईने इकडेतिकडे पाहिलं, शेजारीच मंडळाचं सामान ठेवायची खोप होती, आत शिरली आणि हाताला आलं ते मोठं कापड ओढून आणून मासळीवर टाकलं. वीस घरांची मांदेली वाचली. पाऊस थांबल्यावर कापड उचललं, तेव्हा खालून निळं-हिरवं पाणी वाहत समुद्राच्या दिशेने निघालं होतं. आई त्या पाण्याकडे पाहत राहिली, आणि मग कापडाची उलटी बाजू सुलटी करून पाहिली. माझ्या आठवणीत तेवढा एकच क्षण असा आहे की आईला बोलायला काही सुचलं नाही.

जंगल पुरतं गेलं नव्हतं. सरसात कालवलेले रंग वाहून गेले तरी काळ्या रेघा फिकट होऊन राहिल्या होत्या. वाघाचा सांगाडा दिसत होता, सशाचे कान दिसत होते. आणि सगळ्याला सुकटीचा असा वास बसला होता, की पडदा खोपीत परत टाकल्यावर वाड्यातल्या सगळ्या मांजरांनी त्यावर मुक्काम केला.

संध्याकाळी दाजी आले. दाजी म्हणजे मंडळाचे प्रमुख. नाटकात पडद्यामागून वाक्यं सांगायला तेच बसत आणि नारळ फोडायलाही तेच. ओट्याच्या खालीच उभे राहून म्हणाले, "वयनी, मासळी तुमची वाचली, पन आमचं जंगल की वो वाहून गेलं."

"मग काय मासळी वाहून जाऊ देऊ? पावसात जंगल खानार होतास तू?" आई म्हणाली.

"तसं नाय. पन जंगलाबिगर नाटक कसं करायचं? यंदा अख्खा वनवास हाय राजाला. रस्त्यावर उभा करू काय? नवा पडदा कोल्लापुरास्नं आनायचा तर मंडळाच्या हाताभायेरचं काम. मी सांगतंय, यंदा नाटक बंद."

बाबा जाळं विणत होते. त्यांची सुई थांबली, आणि पुन्हा चालू झाली. आईकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, आणि बहुधा तेच आईला लागलं. ती तटकन म्हणाली, "बंद कशाला? पडदा मी घेतला, पडदा मी दीन. शिमग्याच्या आत जंगल उभं हाय बग तुजं. आमची शालन काढील."

शालन म्हणजे मी. तोवर मी कोळशाने भिंतीवर बांगडे, सरंगे आणि एक बऱ्यापैकी खेकडा काढला होता. दिवाळीला दारात रांगोळी काढायचे. यापलीकडे मला काही येत नव्हतं. दाजींनी माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे पाहिलं, आणि आईने तांदळाची भाकरी थापायला घेतली, म्हणजे विषय संपला. त्या रात्रीपासून बाबांनी राजाची वाक्यं म्हणायचं बंद केलं. मुद्दाम नाही, नसलेल्या नाटकाची तालीम कशी करणार? पण ओट्यावरून नुसता सुईचा आवाज यायचा आणि घर मला सुनं सुनं वाटायचं.

आमच्या शाळेत ड्रॉइंगला शरयू बाई होत्या. त्या पुण्याच्या, नवऱ्याच्या बदलीमुळे रत्नागिरीत आलेल्या. बोलताना प्रत्येक अक्षर धुऊन पुसून ठेवल्यासारखं. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि एका दमात सगळं सांगितलं. पाऊस, मांदेली, दाजी, बाबा, सगळं. बाई आधी हसल्या, मग पडदा पाहायला खोपीत आल्या. नाकाला पदर लावून, मांजरं हाकलून त्यांनी तो उलगडला आणि कितीतरी वेळ पाहिला.

"हे कुणी शिकलेल्या माणसाचं काम नाही," त्या म्हणाल्या. "पण गंमत आहे. काढू या आपण. फक्त ससा थोडा लहान करू. लांबची झाडंही लहान."

मला त्यांचं म्हणणं पटलं. मी वहीत तसं जंगल काढलं. जवळचं मोठं, लांबचं छोटं, ससा सशाएवढा. मोठ्या हौसेने ते वाड्यातल्या पोरांना दाखवायला नेलं. लांबून दाखवलं, पडदा लांबूनच बघायचा असतो म्हणून. शेजारच्या काशीला पडद्यावरच्या सशाचं फार वेड, तो तिचा ससा होता. ती म्हणाली, "माजा ससा खंय?" मी म्हटलं, तो काय तिथे. "मना नाय दिसत," म्हणाली आणि रडायला लागली. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरोबर आहे गं तिचं. शेवटच्या रांगेतून दिसला नाही तर कसला ससा? होता तेवढा राहू दे." बाईंचा हा गुण मला पुढे स्वतः शिकवताना फार उपयोगी पडला. चुकलं की त्या चुकलं म्हणायच्या आणि पुढे चालायला लागायच्या.

मग महिनाभर मी फक्त काढायला शिकले. माझं पहिलं हरण पाहून आई म्हणाली, "ह्या हरनाला बांगड्याचा डोला लावलास तू." खरंच तसं होतं. माझ्या हाताला माशाचाच डोळा ठाऊक. गोल, पापणी नसलेला, कुठेच न बघणारा. बाईंनी मला काशीच्या घरच्या शेळीसमोर बसवलं. शेळी मान हलवायची, मी काढायचे, ती माझा कागद खायची. असे कागद तिने किती खाल्ले देव जाणे, पण शेवटी हरणाला पापणी आली आणि ते कुणाकडे तरी बघायला लागलं. वाघासाठी लिलावाच्या जागी बसणारा एक दांडगा बोका मिळाला. त्याच्या अंगावर पट्टे होते आणि स्वभावही वाघाचाच होता. मोराला मात्र काहीच मिळेना, म्हणून मी शरयू बाईंचं एक मोरपिशी लुगडं डोळ्यांपुढे ठेवलं. बाईंना हे मी कधी सांगितलं नाही.

जुन्या पडद्यावरून नव्यावर चित्र उतरवायचं कसं, हा मोठाच प्रश्न होता. बाई म्हणाल्या, दोन्हीकडे सारखे चौकोन आखायचे आणि एकेका चौकोनातलं तेवढंच काढायचं. पण एवढी लांब पट्टी कुठून आणणार? मी रात्री जेवताना हे बोलले. बाबा समोरच जेवत होते. दुसऱ्या दिवशी खोपीत गेले तर जुन्या पडद्यावर मोठ्या भोकांचं जाळं चारी बाजूंनी ताणून बसवलेलं. प्रत्येक भोक एक चौकोन, आणि मोजायला सोपं जावं म्हणून ठरावीक अंतरावर लाल चिंधी बांधलेली. तेच जाळं काढून नव्या कापडावर ताणलं की झालं. मी धावत घरी येऊन जेवायला बसलेल्या बाबांना मिठी मारली. ते अवघडून म्हणाले, "होव दे, होव दे," आणि कुळथाच्या पिठीवर पुन्हा एकदा भात घेतला, भूक नसताना.

नवं कापड मांजरपाटाचं आणलं. पट्टे बाबांनीच दाभणाने जोडले, शिडाला घालतात तसल्या शिवणीने. पांढरं शुभ्र, ओट्यावरून अंगणात उतरेल एवढं कापड. त्याला हात लावतानाही माझे हात मी दोनदा धुतले. शनिवारी सकाळची शाळा करून आलं की चित्र उतरवायला घ्यायचं ठरलं होतं. बाईही येणार होत्या.

शनिवारी मी घरी आले तर अंगणात दोन माडांच्या मधे ते कापड वाळत होतं. पांढरं नव्हतं. तांबडं होतं. आमच्या जांभ्या दगडाला पाणी लागल्यावर दिसतो ना, तसा रंग. खाली चुलवणावर मोठी काहील, तिच्यात अजून ते लाल पाणी वाफाळत होतं, आणि बाबा कोपरापर्यंत रंगलेले हात घेऊन माझ्याकडे बघून हसत होते.

ज्यांना नायलॉनचीच जाळी ठाऊक आहेत, त्यांच्यासाठी सांगायला हवं. तेव्हा जाळी सुताची असायची आणि खाऱ्या पाण्यात सूत कुजायचं. म्हणून ऐनाच्या झाडाची साल उकळून त्या पाण्यात जाळी बुडवत. नवं सूत कोरं वापरायचं नाही, हा आमच्याकडचा शिरस्ता. जाळं असो, दोर असो, शीड असो, आधी सालीचं पाणी, मग काम. बाबांच्या लेखी लेकीचा पडदा हे घरातलं सर्वांत मोलाचं सूत होतं. ते तसं कोरं कसं ठेवतील? त्यांनी पहाटे उठून साल कुटली होती. पडदा दोनदा बुडवला होता. जाळ्याला ते एकदाच बुडवत.

मी मटकन खाली बसले आणि रडायला लागले. आई बंदरावरून आली, टोपली डोक्यावर तशीच, आणि तिच्या लक्षात सगळं आलं. "अवो, शीड केलंत काय त्याचं? त्याच्यावर चित्र काडायचंय पोरीला!" बाबांचं हसू हळूहळू गेलं. ते माझ्याशेजारी येऊन बसले, हात गुडघ्यांवर ठेवायला गेले आणि लाल आहेत म्हणून तसेच अधांतरी धरून बसले. म्हणाले, "कुजला नसता गो. जन्माचा टिकला असता, म्हनून." मग थोड्या वेळाने, "ऱ्हाव दे. येक वर्स राजा नाय झालो तर काय मरत नाय मी. तू रडू नको."

त्यांनी असं म्हणायला नको होतं. मला वाईट वाटत होतं ते कापडाचं, पण त्या वाक्यानंतर मात्र रडू आवरेना. एरवी चार शब्द न बोलणाऱ्या माणसाने मला धीर द्यायला एवढं लांब वाक्य जुळवलं होतं.

तेवढ्यात शरयू बाई आल्या. अंगणात तीन माणसं तीन दिशांना तोंडं करून बसलेली आणि मधे तांबडा पडदा. त्यांना सगळं सांगितलं, म्हणजे आईने सांगितलं. बाईंनी कापडाला हात लावला. बोट ओलं करून घासून पाहिलं, रंग सुटला नाही. हुंगून पाहिलं. मग कठड्यावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "शालन, वाघ कुठल्या रंगाचा असतो?"

"तांबूस," मी हुंदके देत म्हटलं.

"हरण?"

"तांबूसच."

"झाडाची खोडं? नदीकाठची माती? माकड?"

मी नाक पुसून पडद्याकडे पाहिलं.

"म्हणजे तेवढं सगळं तुझ्या बाबांनी रंगवून झालंय," बाई म्हणाल्या. "तू राहिलेलं रंगव. वाघाच्या अंगाला हात लावायचा नाही. त्याच्या आजूबाजूचं सगळं रंगवायचं, मग तो आपोआप उरेल."

हे ऐकायला सोपं वाटतं. आयुष्यभर मुलांना ड्रॉइंग शिकवून सांगते, यापेक्षा अवघड मी काही शिकवलेलं नाही. काढायची गोष्ट सोडून द्यायची आणि तिच्या भोवतीचं काढायचं. हात सारखा वाघाकडे जायचा. गवत रंगवता रंगवता एकदा मी त्याच्या पोटात शिरले आणि वाघाची कंबर नर्तकीसारखी बारीक झाली. ओल्या फडक्याने पुसून पुन्हा केलं. पानं आधी सुटी सुटी काढायचे, मग लक्षात आलं की दोन पानांमधली फटही काढावी लागते, आभाळ त्या फटीतूनच दिसतं. आभाळाला पांढऱ्यात निळा घातला, पण किती लावला तरी खालून लाली यायचीच, आणि भर दुपारचं आभाळ काढायचं होतं ते तिन्हीसांजेचं झालं. बाई म्हणाल्या, "होऊ दे. वनवासाला संध्याकाळच बरी." रंग पुडीतून यायचे, सरस चुलीवर वितळवावा लागायचा, त्याची अशी घाण सुटायची की आई म्हणायची, ह्यापेक्षा सुकट बरी. पण मागच्या दाराची चूल तिनेच मला मांडून दिली होती, आणि सरस करपू नये म्हणून मधूनमधून तीच येऊन ढवळून जायची.

मला त्या खोपीतल्या दुपारी अजून आठवतात. बाहेर लाँचची टुकटुक, बर्फ फोडल्याचा आवाज, कावळे. आत मी पालथी पडून पानं काढतेय, कोपरं हिरवी झालीत, आणि कुशीला कुठलंतरी मांजर. भूक लागली की आईने दिलेली भाकरी आणि सुकटीची चटणी, तीही हिरव्या बोटांनीच खायची. कसलीही घाई नसल्यासारखं वाटायचं, खरं तर शिमगा तोंडावर आला होता. इतकी खूश मी पुढे फार थोड्या वेळा झाले.

नाटकाच्या आदल्या दिवशी पडदा वाळूत ओढलेल्या दोन होड्यांच्या डोलकाठ्यांना बांधून उभा केला. सगळा वाडा जमला. दाजी हातभर अंतरावर जाऊन उभे राहिले, चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाले, "वाघाला रंग द्यायचा ऱ्हायला काय गो?"

जवळून ते खरंच तसं दिसत होतं. डोळे, मिशा, काजळीचे काळे पट्टे आणि बाकी नुसतं कापड. मी धीर करून म्हटलं, "दाजी, तुम्ही मागे जा. माणसं बसतात तिथवर जा."

दाजी कुरकुरत वाळूतून मागे गेले. आणखी मागे गेले. मग वळले. चष्मा पुसून पुन्हा लावला. शेवटी तिथूनच ओरडले, "आला! आला वाघ भायेर!" काशी तिच्या भावाच्या खांद्यावर बसली होती, ती म्हणाली, "माजा ससा पन हाय." बाबा होडीला टेकून उभे होते. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं. नखांत अजून ती लाली होती. मग ते एकटेच किनाऱ्याने चालत निघाले, आणि थोडं लांब गेल्यावर वाऱ्यावरून आवाज आला, "प्रधानजी! प्रजेचे कुशल आहे ना?" आई माझ्या शेजारी उभी होती. तिने डोळे पुसले आणि वाऱ्याने वाळू जाते म्हणाली.

नाटकाला मी बायकांमध्ये आईच्या मांडीला लागून बसले होते. पहिला अंक राजवाड्यात झाला, त्याचे तिरके खांब कुणाच्या लक्षातही आले नाहीत. मग राजवाडा वर गेला आणि पेट्रोमॅक्सच्या उजेडात माझं जंगल खाली आलं. लोकांमधून एक मोठा 'आऽ' असा आवाज उठला. बाबा मुकुट काढून, हातात काठी घेऊन आत आले. त्यांनी म्हणायचं होतं, "अहाहा, किती घोर हे अरण्य!" मला ते वाक्य पाठ होतं, सगळ्या वाड्याला पाठ होतं. पण बाबा पडद्याकडे वळले आणि तसेच उभे राहिले, लोकांकडे पाठ करून. कनातीआडून दाजींची कुजबूज आम्हाला बायकांत ऐकू आली, "अहाहा... अरे अहाहा म्हन!" बाबा हलेनात. मला वाटलं, वाक्य विसरले.

मग ते वळले. राजाच्या आवाजात, छाती भरून त्यांनी विचारलं, "प्रधानजी! हे अरण्य कोणी निर्माण केले?"

असं वाक्य नाटकात नव्हतं. प्रधान बिचारा गोंधळला. त्याने दाजींकडे पाहिलं, दाजींनी वहीत पाहिलं. आणि बायकांमधून, लिलावातल्या त्याच आवाजात, माझी आई ओरडली, "आमच्या शालनीनं! आता फुडं बोला!"

लोक असे हसले, टाळ्या अशा वाजल्या की पेट्रोमॅक्सभोवतीचे किडेसुद्धा पांगले असतील. आईने मला दंडाला धरून उभं केलं. मला लाजेने मेल्यासारखं झालं होतं आणि खाली बसावंसंही वाटत नव्हतं. रंगमंचावर बाबांनी राजासारखी मान लववली, माझ्याकडे बघून, आणि मग म्हणाले, "अहाहा, किती घोर हे अरण्य!" पुढचा वनवास विनातक्रार पार पडला.

राजवाडा आणि रस्ता पुढे दोन-चार पावसाळ्यांत कुजले. मंडळ आता नाटकाला छापील पडदे वापरतं, चकचकीत, त्यात धबधबेसुद्धा असतात. पण जंगलाची गुंडाळी त्यांनी टाकलेली नाही. मागच्या शिमग्याला मंडळाच्या पोरांनी मला बोलावून घेतलं. जुना पडदा देवळाच्या सभामंडपात लावायचा आहे, काकू, जरा रंग मारून द्याल का, म्हणाले. उलगडला. सुताला काही म्हणून झालेलं नाही, शिवण जशीच्या तशी. पानं मात्र जागोजागी गळून गेलीत, आभाळाचे पोपडे निघालेत, मोराचा पिसारा निम्मा उरलाय. एवढ्या सगळ्यात वाघ, हरण आणि झाडांची खोडं काल केल्यासारखी. एका पोराने वाघाच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "काकू, बाकी सगळा रंग उडाला, मग वाघाचा कसा ऱ्हायला? ह्याला कुठला रंग दिलात?"

मी म्हटलं, "वाघ मी नाही रंगवला रे. तो माझ्या बाबांनी रंगवलाय."